इनोयत मुअल्लिमच्या घरची मूळ संख्या

आमच्या खुजंदात कुणी नवी गाडी घेतली, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कुणी नुसता मोबाईलचा नंबर बदलला, तरी लोक एकदा इनोयत मुअल्लिमच्या फाटकावर टकटक करून यायचे. मुअल्लिम म्हणजे मास्तर; यानं जन्मभर शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर ऐकायला पोरं उरली नाहीत, म्हणून वाटेत येईल त्या आकड्याला धरायचं आणि त्याची जातकुळी सांगत बसायचं, हा नाद त्याला लागला.

"तुझा नंबर विपुल आहे रे," तो एखाद्याला सांगायचा. "स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज केली तर संख्येच्याही वर जाते. असल्या घरातनं पाहुणे हलत नाहीत. पीठ जास्तीचं भरून ठेव." दुसऱ्याला म्हणायचा, "तुझा न्यून. सगळे विभाजक गोळा केले तरी संख्येएवढे होत नाहीत. माझ्या केसांसारखं. कितीही इकडून तिकडे विंचरा, टक्कल काही झाकत नाही." लोक हसायचे, एखादी नान नाही तर मूठभर जर्दाळू ठेवून जायचे. यात काही तथ्य आहे असं कुणीच मानत नव्हतं, आणि मुअल्लिम तर मुळीच नाही. "घेवड्याचे दाणे मांडून भविष्य सांगणारी म्हातारी असते ना," तो म्हणायचा, "तीच मी. फक्त मला दाढी आहे."

ही पुढची सगळी हकिकत त्यानंच सांगितलेली आहे. तीत जिथं जिथं तो स्वतःला गाढव म्हणतो, तिथं आम्ही काही फेरफार केलेला नाही.

दुसऱ्यांच्या आकड्यांची तो हवी तेवढी थट्टा करायचा, पण स्वतःच्या घरच्या टेलिफोनचं नाव निघालं की टोपी नीट करून बसायचा. दोन, नऊ, चार, चार, शून्य, नऊ. दोन लाख चौऱ्याण्णव हजार चारशे नऊ! अंकांची बेरीज अठ्ठावीस, आणि अठ्ठावीस म्हणजे परिपूर्ण संख्या. एक, दोन, चार, सात, चौदा हे तिचे विभाजक मिळवले की बरोब्बर अठ्ठावीसच भरतात, ना कमी ना जास्त. पण हे झालं वरचं नक्षीकाम. खरी गोष्ट ही, की ती संख्या मूळ. एकानं भाग जातो आणि तिचा तिनंच जातो, तिसऱ्या कुणाची प्राज्ञा नाही. एकच गोष्ट तो सांगायचा नाही. अंकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची, त्या बेरजेच्या अंकांचे पुन्हा वर्ग करायचे, असं करत गेलं की काही संख्या शेवटी एकावर येऊन विसावतात. त्यांना आनंदी संख्या म्हणतात. ही काही विसावत नाही, गोल गोल फिरतच राहते. ते त्यानं बायकोच्या कानावर कधी जाऊ दिलं नाही.

कारण हा नंबर मुळात बायकोचा. मुकद्दसचे वडील टेलिफोन खात्यात होते आणि त्या अख्ख्या गल्लीत तेवढाच एक टेलिफोन होता. इनोयत तेव्हा नुकता नोकरीला लागलेला. शाळेच्या कामासाठी फोन करायला त्या घरी गेला, दार मुकद्दसनं उघडलं. मुलगी गोरीपान, लांब वेण्यांची, समोर उभी. आणि हा बाबा टेलिफोनच्या चकतीवर लिहिलेला नंबर वाचत राहिला. वाचत वाचतच घरी गेला. लग्न ठरल्यावर सासू सगळ्या बायकांत सांगत सुटली, "अगं, आमचा जावई मुलगी बघायला आला नि टेलिफोन बघून गेला!"

आता कुणी शहाणा माणूस असता तर त्यानं ती संख्या तीननं भागून बघितली असती, सातनं बघितली असती, अकरानं, तेरानं, आणि असाच वर चढत गेला असता. पण छे! भागाकार काय, बाजारातला बटाटेवालाही करतो. इनोयत शिक्षक घडवणाऱ्या संस्थेतनं ताजाताजा शिकून आलेला. त्याच्याकडे प्रमेय होतं. संख्या मूळ असेल, तर दोनला दोननंच गुणत राहायचं, त्या संख्येहून एक कमी इतके दोन गुणून झाले की मग त्या संख्येनं भागायचं. बाकी एक उरते. इनोयत वर्ग करत, बाकी ठेवत, पुन्हा वर्ग करत बसला. बाकी एक! मग तीन घेऊन केलं. एक! मग पाच घेऊन. तरी एकच! त्यानं कागद भिरकावले आणि आईला म्हणाला, "आया, त्या घरी मागणी घाला. ती मूळ आहे." आई बिचारी निरक्षर. तिला वाटलं, मूळ म्हणजे खानदानी. तिनं लगेच नान बांधून मध्यस्थ बायका पाठवल्या.

संख्या मूळ असेल तर बाकी एक उरते, हे खरं. पण बाकी एक उरली म्हणून संख्या मूळ, हे काही खरं नाही. पावसातून आलेला माणूस भिजलेला असतो, पण भिजलेला प्रत्येक माणूस पावसातून आलेला नसतो. काही जण कालव्यात पडलेले असतात. मुअल्लिमला पुढं हे कळलंसुद्धा. काही बहुरूपी संख्या असतात, मोडतात लहान तुकड्यांत, पण या परीक्षेला बसल्या की मूळ असल्याचं सोंग बेमालूम वठवतात. दहा लाखांच्या आत अशा पन्नासदेखील नाहीत. मुअल्लिम दर वर्षी पोरांना बजावायचा, "सावध राहा रे, फसाल!" आणि संध्याकाळी घरी जाऊन दोन लाख चौऱ्याण्णव हजार चारशे नऊची धूळ रुमालानं पुसायचा. आपल्या घरात शिरलेल्यावर संशय घ्यावा, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही.

सासऱ्यांनी आंदणात रजया दिल्या, शिवणयंत्र दिलं, आणि खात्यात खटपट करून तो नंबरही मुलीबरोबर जावयाच्या घरी धाडला. तेव्हापासून मुअल्लिम प्रत्येक लग्नात, प्रत्येक गश्तकात तीच कथा लावायचा. गश्तक म्हणजे आम्हा दोस्तांचं आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमणं. पुलाव खायचा आणि एकमेकांची सालं काढायची. जो चिडला तो हरला.

निवृत्तीनंतर एकदा असंच गश्तक मुअल्लिमच्या घरी होतं. त्याचा धाकटा भाऊ होमिद इस्फाराहून जर्दाळूची टोपली घेऊन आला होता. बरात उस्तो, आमचा न्हावी, पुलावातली चरबी वेचत म्हणाला, "मुअल्लिम, तुमची ती संख्या कुणालाच कापता येत नाही म्हणता. माझा वस्तरा लावून बघू का?"

"उस्तो, तुझ्या वस्तऱ्यानं दाढी कापली जात नाही, तू संख्या काय कापणार! गेल्या जुम्म्याला गालाचं साल काढलंस, ते अजून येतंय."

"अहो, तो गाल नव्हता. मला वाटलं जुनी चप्पल आहे."

हशा पिकला. तो ओसरल्यावर होमिदनं हात पुसले आणि जरा अदबीनंच विषय काढला. "अका, माझी नात, आमच्या फरोगतची शहलो, इथल्या विज्ञानाच्या शाळेत निवडली गेली. मुलगी हुशार आहे. पण इथं राहायची सोय नाही. तुम्ही दोघंच एवढ्या मोठ्या घरात. तिला ठेवून घ्याल का?"

सगळे मुअल्लिमकडे बघायला लागले. पंधरा वर्षांची पोर! दुपारी पेपर तोंडावर घेऊन आपण घोरतो, भिंतीवरच्या घड्याळाशी गणितं बोलतो, जेवताना टोपी काढून टक्कल खाजवतो, हे सगळं तिच्यासमोर? त्याची घाबरगुंडी उडाली. आणि घाबरला की त्याच्या तोंडून विनोद बाहेर पडायचा, ही त्याची जुनी खोड.

"होमिद, बाबा रे, आमच्या घरचा नंबर ठाऊक आहे ना तुला? मूळ संख्या! एक मी, आणि एक ही. तिसऱ्याचा भाग जात नाही!"

काय हसले सगळे! बरात उस्तोला तर ठसका लागला. होमिदही हसला. मग म्हणाला, "बरं. दुशान्बेला वसतिगृह आहे म्हणतात. तिकडं घालतो." दुशान्बे म्हणजे डोंगरापलीकडे. मुकद्दस दारात किटली घेऊन उभी होती. तिनं किटली तिथंच जमिनीवर ठेवली आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मुअल्लिमचा प्याला काठोकाठ भरला.

आमच्याकडे माणसाला चहा देतात तो प्याल्याच्या तळाशी, घोटभर. तो संपला की परत घोटभर. त्या निमित्तानं बसणं होतं, बोलणं होतं. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे, प्या आणि वाटेला लागा. नकोशा झालेल्या पाहुण्याला द्यायची ती खूण. मुअल्लिमला आधी वाटलं, हिचा हात थरथरला असेल. दुपारी परत काठोकाठ. संध्याकाळीही. आणि तोंडातून शब्द नाही.

"मुकद्दस, अगं सांडतोय."

ती आत निघून गेली.

बायकोनं अबोला धरला की बाकीच्यांचं जेवण अळणी होतं. मुअल्लिमची तर बोलतीच गेली, कारण त्याचं बोलणं ऐकणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं शेजारच्या मांजराला त्याच्या पिल्लांची संख्या त्रिकोणी आहे हे समजावून बघितलं. मांजर उठून गेलं. शेवटी म्हातारी बाई ताविजाला हात लावते तसा तो टेलिफोनजवळ जाऊन बसला. कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, आपला आवडता आकडा त्यावर लिहिला, आणि नुसता हात चालता राहावा म्हणून भागायला लागला. साधा शाळेतला भागाकार, या आकड्यावर जन्मात कधी न केलेला. सातनं जाईना. तो खूश झाला. अकरानं जाईना. तेरा, सतरा, एकोणीस, कुणाचीच डाळ शिजेना. "बघ, बघ," तो स्वतःलाच म्हणाला. मग आला सदतीस. सात वेळा, मग नऊ वेळा, मग पाच वेळा, आणि शेवटी उरले दोनशे एकोणसाठ. सदतीस साते दोनशे एकोणसाठ. खाली शून्य.

त्यानं चष्मा पुसला. पुन्हा भागलं. पुन्हा शून्य. त्याला वाटलं वयामुळं पाढा विसरलो. मोबाईलवर करून बघितलं. मोबाईलनं उत्तर दिलं ते सात हजार नऊशे सत्तावन्न, आणि तेही मोडलं, त्र्याहत्तर आणि एकशे नऊमध्ये.

या खुदा! ज्या बहुरूप्याची अख्ख्या वर्गाला ताकीद देत होता, तो याच्याच दिवाणखान्यात घंटी वाजवत बसला होता. बटाटेवाल्यानं क्षणात पकडला असता. पण याला प्रमेय येत होतं ना! मुअल्लिम एकटाच इतका हसला, की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्याला आठवलं, हे ऐकवायचं कुणाला, आणि हसू थांबलं.

मुकद्दस स्वयंपाकघरात गाजराच्या सळ्या कापत होती. तो दारात उभा राहिला.

"मुकद्दस, आपला नंबर मूळ नाही."

सुरी चालूच.

"मी चुकलो. लग्नाआधीच चुकलो. त्याचे तुकडे होतात. सदतीस, त्र्याहत्तर आणि एकशे नऊ."

सुरी थांबली. "तिघांचा भाग जातो?"

खरं म्हणजे एक आणि ती स्वतः धरून एकूण विभाजक आठ होतात, हे मुअल्लिमच्या अगदी ओठांवर आलं होतं. जन्मात पहिल्यांदाच त्यानं ते गिळलं. "जातो," तो म्हणाला.

"आधीपासून?"

"संख्या बदलत नाही गं. आधीपासूनच."

ती खाली बसली. हातात गाजर तसंच होतं. ते बाजूला ठेवून म्हणाली, "मग फरोगत?"

मुअल्लिमला क्षणभर कळेना. मग कळलं आणि तोही भिंतीला टेकून खाली बसला. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नाही, तेव्हा होमिद आपली तिसरी मुलगी घेऊन आला होता. आमच्यात भाऊ भावाला मूल देतो, त्यात नवल नाही. फरोगत तेव्हा नुकती चालायला लागली होती. दस्तरखानाभोवती सगळे जेवायला बसले होते, होमिदनं पोरीला पुढं केलं, आणि इनोयत म्हणाला होता, "आमचा नंबर मूळ आहे बाबा, तिसऱ्याचा भाग जात नाही." तेव्हाही सगळे असेच हसले होते. होमिद पोरीला परत घेऊन गेला.

"मी तिला झबलं शिवलं होतं," मुकद्दस म्हणाली. "तुम्हाला नकोय म्हणून मी गप्प बसले. मग जिथं जाईल तिथं तुम्ही ती संख्या सांगत सुटलात. लग्नांत, गश्तकांत. लोक हसायचे, मीही हसायचे. मला प्रत्येक वेळी वाटायचं, हे माझीच गोष्ट सांगतायत. हिच्यातनं कुणी निघत नाही, म्हणून सांगतायत."

"तौबा, मुकद्दस! मी तर तुझं कौतुक करत होतो. आणि त्या दिवशी... मला वाटलं, दुसऱ्याचं मूल घेतलं तर चारचौघांत तुला कमीपणा येईल. म्हणून थट्टेवारी नेलं."

"मला विचारलंत?"

त्यानं मान हलवून नाही म्हटलं.

"दोनाला विचारलंत. तिनाला विचारलंत. पाचाला विचारलंत. मला तेवढं नाही विचारलंत, मुअल्लिम."

तो उठला, टेलिफोनपाशी गेला आणि इस्फाराला फोन लावला.

होमिदनं आवाज ऐकला आणि घाबरलाच. "अका? काय झालं? कोण गेलं?"

"माझी संख्या गेली. ऐक. शहलोला दुशान्बेला धाडू नको. इकडं आण."

मग होमिद म्हणाला, "संख्या मोडली म्हणून आणू? आणि मोडली नसती तर?"

"मोडली नसती तर मी गाढवासारखा तिच्यावरच बसून राहिलो असतो. खोटं कशाला बोलू? म्हणून म्हणतो, बरं झालं मोडली."

"अका, आता ते माझ्या हातात नाही. शहलोला तुमच्याकडे ठेवायचं, हे माझ्या डोक्यातलं नव्हतंच. फरोगत म्हणाली होती. थोरले काका, म्हणजे तिचे अमक, आणि मुकद्दस आया एकटे असतात, म्हणाली. तुमचं उत्तर मी तिला सांगितलं, तेव्हापासून ती दुशान्बेचं सामान बांधतेय. उद्या सकाळी गाडी आहे. ती काय म्हणते बघतो."

परत फोन आला नाही. तरी सकाळी मुकद्दसनं रजया उन्हात टाकल्या. मुअल्लिमनं न सांगता अंगण झाडलं, आणि ज्यानं कधी झाडू धरला नाही अशा माणसानं झाडावं तसंच झाडलं. सगळी धूळ वाळत घातलेल्या रजयांवर. एरवी मुकद्दसनं चांगलं फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी तिनं नुसत्या रजया झटकल्या आणि ती पुन्हा फाटकाकडे बघत बसली. दुशान्बेची गाडी सुटायची वेळ टळून गेली. दुपार झाली. मुअल्लिमला वाटलं, संपलं.

मग फाटकाशी मोटार थांबली. आधी फरोगत उतरली. तिच्या मागं वेण्या घातलेली, दप्तर पोटाशी धरलेली शहलो. फरोगत उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आत आली नाही. लहानपणापासून तिनं या घराचा विनोद ऐकला होता. तोंडावर हसू होतं.

"अमक," ती म्हणाली, "आता तरी भाग जातो का हो आमचा?"

मुअल्लिमनं डोक्यावरची टोपी काढली. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायला आज त्याच्याजवळ काही नव्हतं.

"जातो, बाळा," तो म्हणाला. "पहिल्यापासून जात होता. मलाच भागाकार येत नव्हता."

मुकद्दस त्याला बाजूला सारून पुढं गेली, तिनं फरोगतला छातीशी धरलं आणि किती तरी वेळ सोडलंच नाही. शहलो दप्तर घेऊन तशीच उभी होती, तेव्हा मुअल्लिमनं तिचं दप्तर घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. नंतर सगळे चहाला बसले. मुकद्दसनं चार प्याले मांडले. मुअल्लिमनं हळूच आपल्या प्याल्यात डोकावून बघितलं. तळाशी घोटभर चहा होता. त्यानं तो पिऊन प्याला पुढं केला, आणि तिनं परत घोटभर ओतला.